कानात बोळे, वर्गात शांतता

सर, मॅडम, बारावीच्या पोरांनी "गाणी ऐकत गणितं सोडवू का" विचारलं की पटकन हो म्हणून टाका, उगाच आढेवेढे घेऊ नका. नाही म्हणालात तरी ऐकणारच आहेत, भर ऑक्टोबरच्या उकाड्यात पोरं हुडीची टोपी घालून बसतात ते काय थंडी वाजते म्हणून?

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे शांतता. तुम्ही काहीही शिकवा, कोणी शंका विचारणार नाही. प्रिन्सिपल दारातून डोकावले तर सगळ्यांच्या माना खाली, वा काय शिस्त! आता माना खाली असतात त्या पुढचं गाणं शोधायला, पण दारातून तेवढं कुठे दिसतंय.

कोणी पालक भांडायला आलेच तर मोत्झार्ट काढायचा, म्हणजे तो जुना युरोपियन संगीतकार. 1993 साली अमेरिकेत कॉलेजच्या 36 मुलांना दहा मिनिटं मोत्झार्टचा पियानो ऐकवला आणि घडी घातलेला कागद मनात उलगडायच्या वगैरे प्रश्नांत त्यांचे मार्क वाढले, एवढंच सांगा आणि थांबा. असर दहा-पंधरा मिनिटांत उतरला हे सांगायचं नाही, आणि पोरांनी आधी ऐकलं, मग सोडवलं, हे तर अजिबातच नाही. अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने 1998 ला नवजात बाळांना अशी गाणी वाटायला 1,05,000 डॉलर मागितले होते, तुम्ही तर फुकटात नुसती परवानगी देताय.

आपल्या पोरांच्या कानात मोत्झार्ट नसतो, गणपतीतला डीजे रिमिक्स असतो, ही किरकोळ बाब झाली. शब्दांचं गाणं आणि धड्यातले शब्द डोक्यात एकाच दारातून घुसायला बघतात, आणि गाण्याकडे ढोल असतो त्यामुळे कोण जिंकतं ते कळायला वही तपासावी लागते. माझ्याकडे एकाने इंटिग्रेशन अगदी नीट मांडलं, डीएक्सपर्यंत सगळं बरोबर, आणि पुढे लिहिलं "गं पोरी". अर्धा मार्क दिला, ताल तरी बरोबर होता.

शेवटून दुसऱ्या बाकावर एक वायरवाला इअरफोन दोघांत असतो, एकाचा डावा कान दुसऱ्याचा उजवा, एक जण खाली पडलेलं पेन उचलायला वाकला की दुसऱ्याची मान आपोआप वाकते. ग्रुप वर्क म्हणून रजिस्टरला लावून टाका.

बोर्डाच्या परीक्षेला इअरफोन बाहेरच ठेवायला लावतात आणि पोरं कावरीबावरी होतात, ते तुम्ही मनावर घेऊ नका. तेव्हा तुमची सुपरव्हिजन दुसऱ्याच कॉलेजात असते.