खेळाडू बाजूला ठेवा, गुडघा घ्या

नवीनच स्पोर्ट्स फिजिओ झालात ना, अभिनंदन. आता तालुक्याच्या कबड्डी ॲकॅडमीत नाहीतर कुठल्यातरी चषकाला बसायला बोलावतील, एक टेबल, दोन खुर्च्या, बर्फ, स्प्रे आणि क्रेप बँडेज मिळालं की झाला तुमचा दवाखाना. तर पहिलं लक्षात ठेवा, तुमच्याकडे येतो तो गुडघा येतो. त्याच्यासोबत एक मुलगी पण येते, तिच्याकडे फार लक्ष द्यायचं नाही. "तो एसीएल आला का रे?" असं विचारायचं (एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आतलं एक लिगामेंट), नावं कोण लक्षात ठेवणार.

ती लंगडत आली की तिला काही विचारू नका, कोचला विचारा. कोच सांगतील, "काही नाही हो, जरा मुरगळलाय, उद्या सेमी आहे." झालं निदान. ती मधेच म्हणेल की सर, पकड करताना कट्टकन आवाज आला, तासाभरात टम्म सुजला आणि पाय टेकला की गुडघा निसटतोय असं वाटतं. "तू बस गं" म्हणायचं आणि स्प्रे मारायचा. (एवढं नीट ऐकून घेतलं तर एसीएल फाटल्याचा संशय एमआरआयच्या आधीच येतो हे तुम्ही कॉलेजात शिकलाय, पण फुकट मिळालेल्या माहितीला किंमत नसते, रिपोर्टला असते.)

तिला स्वतःला काय पाहिजे हे तर अजिबात विचारू नका, फार गुंतागुंत होते. आपण धरून चालायचं की तिला स्टेट खेळायचंय. आणि समजा ती म्हणाली की सर, सर्टिफिकेट मिळालंय, खेळाडूंच्या 5 टक्के कोट्यात पोलीस भरतीला बसायचंय, त्यात 800 मीटर पळायचंय, यावर्षी नाही जमलं तर घरचे मे महिन्यात लग्न लावतायत, तर मग सगळा प्लॅन बदलावा लागेल ना. कारण सरळ रेषेत पळणं वेगळं आणि चढाईत जागच्या जागी वळून परत फिरणं वेगळं, गुडघ्यावर येणारा ताण वेगळा, तयारी वेगळी. कशाला पाहिजे? आपला छापील एक्सरसाइजचा कागद आहे, तो सगळ्यांना चालतो, कबड्डीवाल्यांना, खो-खोवाल्यांना आणि शेजारच्या काकूंना पण.

1977 साली जॉर्ज एंगेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरने लिहून ठेवलं की आजारात शरीर असतं तसं मन पण असतं आणि घरदार, समाज पण असतो, बायोसायकोसोशल म्हणतात त्याला. छान आहे, परीक्षेला येतं. परीक्षा झाली की सोडून द्या.

आता पाळी. हा विषय तुम्ही काढायचाच नाही, पुरुष असाल तर लाज वाटते म्हणून आणि बाई असाल तर बाहेर कोच उभे असतात म्हणून. मुली आपसात सांगतात की चार महिने आलीच नाही, बरंच झालं, स्पर्धेत कटकट नाही. सराव दोन वेळचा आणि पोटात सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी डब्यातल्या दोन चपात्या, मग शरीर आधी पाळी बंद करतं आणि नंतर हाडं कमजोर व्हायला लागतात, नडगी दुखायला लागते आणि एक दिवस त्यात स्ट्रेस फ्रॅक्चर निघतं. ऑलिम्पिक कमिटीने 2014 मध्ये याला रेड-एस असं नाव पण दिलंय. तुम्ही नडगीला मशीन लावा, दहा मिनिटं, रोज. काय खाल्लंस असं विचारलं तर घरात किती येतं आणि कुणाला आधी वाढतात इथपर्यंत जावं लागतं, आणि तुमच्या फीमध्ये ते बसत नाही. शिवाय ज्युनियरला वजनाची अट असते. पॅरिसला विनेशचे 100 ग्रॅम जास्त भरले तेव्हा सगळ्या देशाने हळहळ केली, आणि इकडे वजनाच्या आदल्या दिवशी पोरींचं पाणी बंद करून स्वेटर घालून पळवणं चालूच आहे, त्याला आपल्याकडे शिस्त म्हणतात.

तिने विश्वासाने तुम्हाला काही सांगितलंच, झोप लागत नाही म्हणा, घरी भांडणं म्हणा, तर ते लगेच ॲकॅडमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, म्हणजे परत कधी सांगणार नाही.

ऑपरेशन झालं तर कोच सहाव्या महिन्यातच फोन करतील, सोडा म्हणून. नऊ महिन्यांच्या आत उतरवलं तर परत फाटायचा धोका बराच वाढतो, एका पायावर उड्या मारून दुसऱ्या पायाच्या निदान 90 टक्के तरी अंतर जातंय का हे मोजायचं असतं वगैरे वगैरे, पण उड्या मोजायला टेप लागते आणि चषकाची तारीख तर छापून झालेली असते. ती म्हणेल भीती वाटते. भीती मोजायची पण 12 प्रश्नांची प्रश्नावली आहे बरं का, पण त्यापेक्षा "घाबरतेस काय, वाघीण आहेस तू" हे एका सेकंदात होतं. जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स टोकियो ऑलिम्पिकमध्ये मधेच थांबली, हवेत असताना शरीर कुठंय तेच कळेना म्हणून, आणि पॅरिसला येऊन तीन गोल्ड घेऊन गेली. ती अमेरिकेत. आपल्याकडे थांबली की जागा गेली, बाहेर पाच जणी उभ्याच असतात.

आणि हो, हल्ली बॅनरवर "होलिस्टिक केअर" लिहावं लागतं, लिहा, मोठ्या अक्षरात. फॉर्म पण ठेवा, त्यात मानसिक स्थितीच्या रकान्यात "चांगली" असं आधीच छापून घ्या, वेळ वाचतो. खाली सही लागते, ती वडिलांची घ्या, वडील नसले तर कोचची चालते.