भोक पाडलेला पाव? : एका न्यू जर्सीकरांना उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. राग उतरला असेल म्हणून आज सकाळी पुन्हा वाचली. नाही उतरला.

लेख होता आमच्या न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या कोपऱ्यावरच्या जुन्या ज्यू डेलीबद्दल, म्हणजे तयार खाण्याच्या दुकानाबद्दल, तिथल्या बेगलबद्दल. त्यावर तुम्ही लिहिलंत, "मॅडम, एवढे उमाळे कशाला? बेगल म्हणजे शेवटी भोक पाडलेला पाव. तुमच्या लाडक्या दुकानात हल्ली तोही धड मिळत नाही, नुसता फुगलेला बन. दर वाढलेत, काउंटरवरचा माणूस खेकसतो. आणि 1610 साली बेगलचा शोध लागला वगैरे थापा मारू नका." खाली नावाच्या जागी 'एक न्यू जर्सीकर'.

आधी तुमचं बरोबर आहे ते मान्य करते. 1610 साली शोध लागला नाही. पोलंडमधल्या क्राकोवच्या ज्यू समाजाच्या त्या सालच्या नियमांत बाळंतिणीला बेगल भेट देण्याचा उल्लेख आहे, आपल्या डिंकाच्या लाडवांसारखा. म्हणजे पदार्थ त्याआधीचाच. 'शोध' हा शब्द माझा, चूक माझी, लेखात दुरुस्त केली आहे. पण चुकीला थाप म्हणायची रीत तुमच्याकडे असेल, आमच्या घरात नव्हती.

आता तो पाव. पावाचं पीठ फुगलं की थेट भट्टीत जातं. बेगलची कडी वळून रात्रभर थंडाव्यात मुरत ठेवतात आणि सकाळी माल्टचा (मोड आणलेल्या बार्लीचा) पाक घातलेल्या उकळत्या पाण्यात सोडतात. मिनिटभरात वरचा स्टार्च शिजतो, साल धरते, आणि मग भट्टीत त्याला हवं तसं फुगता येत नाही. म्हणून तो आतून चिवट आणि वरून तकतकीत. मॉन्ट्रियलला त्या पाण्यात मध घालतात, लाकडाच्या भट्टीत भाजतात, पण उकळणं तिथंही चुकत नाही. उकडीच्या मोदकाला तुम्ही सारण भरलेली भाकरी म्हणता का? पीठ तर तांदळाचंच.

हे मी कुठं वाचून सांगत नाहीये. लग्नानंतर पहिली चार वर्षं आम्ही त्याच दुकानाच्या वर राहत होतो. पहाटे चारला खालून माल्टचा वास यायचा. थोरलीच्या वेळी दिवस गेले होते तेव्हा त्या वासानं जीव नको व्हायचा. झोप येईना म्हणून एकदा मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले, तर म्हाताऱ्या बेकरनं आत बोलावलं. लांबट लाकडी फळ्या, त्यांवर ओलं गोणपाट मढवलेलं. तिळाची बाजू खाली करून त्यावर बेगल मांडायचे, फळी भट्टीत सरकवायची, आणि थोड्या वेळानं मनगटाच्या एका झटक्यात अख्खी रांग तापल्या दगडावर पालथी. गोणपाट वाफाळत बाहेर. त्याचे वडील बेगल बेकर्सच्या युनियनमध्ये, तिच्या लोकल 338 या शाखेत होते. जेमतेम 300 माणसं, सभासदत्व मुलाला नाहीतर पुतण्याला मिळायचं. 1960च्या दशकात बेगल वळायचं यंत्र आलं आणि युनियनचा दरारा संपला. हे सांगताना त्याचे हात थांबले नव्हते. त्या हातांवरचे भाजल्याचे चट्टे मी पाहिलेत. तुम्ही काय पाहिलंत, फ्रीजरमधलं पाकीट? (हे जरा जास्त झालं. पण राहू दे.)

बाकीचं थोडक्यात. दर कुठं वाढले नाहीत? काउंटरवरचा माणूस माझ्यावरही खेकसतो. रविवारी रांग दाराबाहेर गेलेली असताना 'काय काय आहे?' असं विचारल्यावर कुणीही खेकसेल.

राहिला फुगलेला बन. तुम्ही कुठल्या वारी गेलात, किती वाजता, काही लिहिलेलं नाही, त्यामुळे यावर बोलण्यात अर्थ नाही. मागे वाफेची नवी भट्टी आली आहे, उकळण्याऐवजी वाफ देणारी, ते मलाही ठाऊक आहे. फळ्या बरेच दिवसांत दिसल्या नाहीत, तेही. पण त्यावर लिहायचं की नाही, आणि कधी, ते मी ठरवीन.

आणि मॅडम म्हणू नका. ब्लॉगच्या माथ्यावर माझं नाव लिहिलेलं आहे.