कासव जागे झाले की काळजी संपते, हे खरे नाही

शीतनिद्रेतील कासवाला हात लावू नये, ऊन वाढले की ते आपले आपण उठते, भूक लागली की खाते, दोन-तीन आठवडे उपाशी राहिले तरी त्याला काही होत नाही आणि पुन्हा गारठा पडला तर खुशाल परत झोपू द्यावे, असा सल्ला कासव पाळणाऱ्यांमध्ये सर्रास दिला जातो. ‘निसर्गात त्यांना कोण उठवते?’ हा त्यामागचा प्रश्न बिनतोड वाटतो, परंतु सल्ल्यातील जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे आणि उपवासाविषयीचे विधान तर कासवाच्या जिवावर बेतणारे आहे.

प्रथम निसर्गाचा दाखला पाहू. हर्मन किंवा हॉर्सफिल्ड जातीचे रानातले कासव मातीत खोल शिरते, तिथले तापमान सावकाश बदलते आणि ते वर येते तेव्हा ऊन, पाणी व कोवळा पाला त्याच्या समोर असतो. शिवाय रानातही कित्येक कासवे हिवाळ्यातून वाचत नाहीत, हे हा दाखला देणारे विसरतात. पेटीत ठेवलेल्या कासवाच्या वाट्याला मात्र आपण देऊ तेवढेच हवामान येते. सुमारे 5 अंश सेल्सिअसला त्याची निद्रा स्थिर असते, पण पारा 10 अंशांच्या वर गेला की शरीर ऊर्जेचा साठा जाळू लागते आणि अंधाऱ्या पेटीत ते धड झोपलेले नसते, धड जागेही नसते. म्हणून उठवण्याचा दिवस आपणच ठरवावा आणि पेटी उबदार खोलीत आणून काही तासांत त्याला खोलीच्या तापमानावर येऊ द्यावे. निद्रेत असताना त्याने लघवी केली किंवा वजन झपाट्याने घटू लागले, तर ठरलेल्या दिवसाचीही वाट पाहू नये.

‘भूक लागली की खाईल’ या विधानाला सविस्तर उत्तर द्यायला हवे, कारण दरवर्षी सर्वाधिक नुकसान यानेच होते. शीतनिद्रेत मूत्रपिंडांचे काम जवळपास थांबलेले असते आणि युरियासारखे टाकाऊ पदार्थ रक्तात साचत जातात. जाग येताना यकृतातील ग्लायकोजेनपासून, म्हणजे तिथे साठवून ठेवलेल्या ऊर्जेपासून, साखर रक्तात सोडली जाते आणि त्या बळावर कासव चालू-फिरू लागते, पण ही शिदोरी थोड्याच दिवसांची असते. तेवढ्या अवधीत पाणी पिऊन साचलेली घाण बाहेर पडली नाही, तर साखर उतरते, युरिया चढाच राहतो आणि भूक लागण्याऐवजी मरते. पांढऱ्या पेशीही या काळात कमी झालेल्या असतात, त्यामुळे संसर्ग चटकन जडतो. न खाणारे कासव सोशिक आहे असे समजणे, म्हणजे आजाराच्या पहिल्या लक्षणालाच प्रकृतीचा गुण मानणे होय.

यावरून क्रमही स्पष्ट होतो: आधी ऊब, मग पाणी आणि त्यानंतर अन्न. उथळ भांड्यात सुमारे 30 अंशांचे कोमट पाणी त्याच्या हनुवटीपर्यंत येईल इतके घ्यावे आणि त्यात त्याला 15 ते 20 मिनिटे बसवावे. बहुतेकदा ते मान खाली घालते, तोंड पाण्यात बुडवते आणि गळा एका लयीत हलू लागतो. थोड्या वेळाने पाण्यात लघवी आणि खडूच्या लगद्यासारखा पांढरा युरेट (लघवीवाटे पडणारा घट्ट टाकाऊ पदार्थ) दिसला, तर मूत्रपिंडे कामाला लागली असे समजावे. पहिला आठवडाभर हे स्नान रोज घालावे. थंड आणि कोरड्या पडलेल्या कासवाच्या तोंडात बळेच घास कोंबण्याचा काहींचा आग्रह असतो, तोही तितकाच घातक आहे, कारण उबेशिवाय त्याचे पचन चालत नाही.

याच वेळी तोंड आणि डोळे उजेडात नीट पाहावेत. जिभेवर किंवा हिरडीवर पिवळसर, चीजसारखा थर दिसला, नाकातून स्राव येत असला किंवा डोळे उघडत नसले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी जावे. डोळे उघडे असूनही ते समोरच्या वस्तूवर आपटत असेल, तर निद्रेत पारा शून्याखाली गेल्याने दृष्टीला इजा झालेली असू शकते. दिसायला सारे ठीक असूनही आठवडाभरात त्याने खाल्ले नाही, तरीही तपासणी टाळू नये. दोन-तीन आठवडे थांबण्याची सूट या प्राण्याला नसते.

उन्हाने सगळी कासवे उठतात हे म्हणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सल्काटा, लेपर्ड आणि रेडफूट या उष्ण प्रदेशांतील जाती शीतनिद्रा घेतच नाहीत. त्यांपैकी एखादे कासव गारठ्याने निपचित पडले असेल, तर ती झोप नव्हे, आजार समजून उपचार करावेत.

राहिला परत झोपू देण्याचा मुद्दा. जाग येताना खर्च झालेला साठा खाल्ल्याशिवाय भरून निघत नाही, त्यामुळे दुसऱ्यांदा झोपलेले कासव रिकाम्या कोठारावर दिवस काढते. बाहेर गारठा परतला तर त्याला घरातच ठेवावे, दिव्याखाली 30 ते 35 अंशांची शेकण्याची जागा आणि जोडीला यूव्हीबी (अतिनील) प्रकाश दिवसाचे 12 तास द्यावा आणि रात्री दिवे बंद करावेत.