कुठलीही आवृत्ती चालत नाही हो!

सैतानाला आत्मा विकणाऱ्या फॉस्टसच्या कथेवरच्या नाटकांचा तुमचा बाकी लेख आवडला, पण 'डॉक्टर फॉस्टसची मिळेल ती आवृत्ती उचला, काही फरक पडत नाही' हे वाक्य वाचून राहवलं नाही. अहो पडतो की! ते लिहिणारा इंग्रज नाटककार मार्लो १५९३ मध्ये गेला आणि नाटक छापलं गेलं ते त्यानंतर, एकदा १६०४ ला आणि मग १६१६ ला, आणि दुसऱ्या छापील प्रतीत सहाशेच्या आसपास ओळी जास्त आहेत. पोपच्या तावडीतून त्याचा प्रतिस्पर्धी ब्रूनो याला सोडवायचा प्रसंग वगैरे त्यातलाच. मी कॉलेजात असताना नेमकी ती जाडी प्रत घेतली आणि मधल्या थट्टामस्करीत इतकी कंटाळले की सैतानाशी ठरलेली २४ वर्षांची मुदत संपते ती शेवटची रात्र, म्हणजे ज्यासाठी नाटक वाचायचं तेच, वाचायचं राहून गेलं. नंतर १६०४ ची वाचली, एका संध्याकाळी संपली!

आणि जर्मन कवी गटेने त्याच कथेवर लिहिलेल्या फाउस्टसाठी लेखात फुकट मिळणारा बेयर्ड टेलरचा जुना अनुवाद सुचवलाय, तोही नवख्या माणसाला नको. त्याने मूळ जर्मन वृत्तं जपलीत, मेहनत अफाट, पण त्यापायी इंग्रजी वाक्यं अशी पिळवटलीत की कर्ता शोधता शोधता जीव जातो. काउफमनचा १९६१ चा घ्या, समोरासमोर जर्मन पण आहे. फक्त दुसऱ्या भागातले मोजकेच तुकडे आहेत त्यात, पण खरं सांगू, पहिल्यांदा वाचताना तेवढे पुरतात. आणि एक, गटेकडे तो नुसता 'सौदा' नाहीये, फाउस्ट सैतानाशी पैज लावतो!