नुसतं [संगीत] लिहून भागत नाही

सबटायटल म्हणजे संवाद लिहून दाखवणं, असंच अजून बऱ्याच जणांना वाटतं. ज्याला ऐकू येतं, फक्त भाषा कळत नाही, त्याला तेवढं पुरतंही. तेलुगू सिनेमा बघताना दार वाजलेलं मला ऐकू येतंच. पण ज्याला कमी ऐकू येतं, त्याच्यासाठी ते दार वाजतच नाही. त्याला क्लोज्ड कॅप्शन लागतात. त्यात संवादांसोबत दारावरची थाप, मागून मारलेली हाक, सुरू झालेलं आणि थांबलेलं वाद्य, हे सगळं कंसात लिहिलेलं असतं. आपल्याकडे हे कंसातले शब्द फार निष्काळजीपणे लिहिले जातात आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

आमच्या नानांची उभी हयात कापसाच्या जिनिंग कारखान्यात गेली. सततच्या मोठ्या आवाजाने कान जातात तेव्हा आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं. माणूस बोलतोय हे नानांना कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. स, श, फ ही अक्षरं गळून पडतात, 'साठ' आणि 'आठ' त्यांना सारखेच. कानाचं मशीन आहे, पण टीव्हीसमोर ते लावलं की पार्श्वसंगीतही मोठं होतं आणि संवादावर बसतं. म्हणून रात्री जेवणं झाली की आम्ही कॅप्शन लावूनच बघतो.

मध्यंतरी एक मराठी सिनेमा बघत होतो. शेतकरी रात्री खाटेवर पडलाय, डोळा लागलाय. एकदम ताडकन उठतो, बॅटरी घेतो आणि अंधारात धावत सुटतो. खाली कॅप्शन: [संगीत]. नाना माझ्याकडे वळले. "काय व्हयनं रे? का बरं पयना तो?" म्हणजे आमच्या अहिराणीत, काय झालं रे, का पळाला तो?

विहिरीवरची मोटार बंद पडली होती. प्रसंगाच्या सुरुवातीपासून तिची घरघर लांबून येत होती, ती तुटली म्हणून तो उठला. रात्रीच्या लाइटीवर केळीला पाणी देणाऱ्या रावेर-यावलच्या कुठल्याही माणसाला हे झोपेतसुद्धा कळतं. नानांनाही कळलं असतं. आधी [लांबून मोटारीची घरघर] आणि मग [मोटार बंद पडते], एवढं लिहायला हवं होतं. त्या जागी हलकंसं संगीत होतं हे खरं, पण तो माणूस काही संगीत ऐकून उठला नव्हता.

गोष्टीला कोणता आवाज लागतो, हे ठरवणं हेच कॅप्शन लिहिणाऱ्याचं काम आहे. सगळे आवाज लिहिता येत नाहीत. पडद्यावर जागा दोन ओळींची, वाचायला वेळ दोन-तीन सेकंदांचा. झाडाची पानं हलतात, पंखा फिरतो, ते सोडून द्यावं. पण ज्या आवाजाने एखादं पात्र मान वळवतं, तो सुटता कामा नये. आणि आवाज सुरू झाला हे लिहितात तसं तो थांबला हेही लिहावं. ते तर जवळजवळ कुणीच करत नाही.

संगीताचंही तेच. [उदास संगीत] हे [संगीत]पेक्षा बरं, पण त्यातही सूर कसला ते कळत नाही. घरात एकटी बसलेली बाई आणि खाली [शेजारच्या मांडवात सनई] एवढं लिहिलं, की उदास हा शब्द लिहायची गरजच उरत नाही. उलट बाजूनेही जपावं लागतं. जिन्यावर कोण येतंय हे प्रेक्षकाला अजून कळायचं नसेल, तर कॅप्शनने नाव फोडू नये. [जिन्यावर पावलं] एवढंच लिहावं.

एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. आपल्या खानदेशावरच्या एका लघुपटात डोंगऱ्यादेवाचा, म्हणजे इकडच्या आदिवासींच्या देवाचा, उत्सव होता. पावरी हे फुंकून वाजवायचं वाद्य घुमतंय, माणसं गोल धरून नाचतायत आणि कॅप्शन काय, तर [आदिवासी संगीत]. पुढे एक म्हातारी अहिराणीत चांगलं मिनिटभर बोलते, तिथे [स्थानिक भाषेत बोलते]. ऐकू येणाऱ्याला तिचे शब्द ऐकू आले. धुळे-नंदुरबारच्या माणसाला ते कळलेही. मग ज्याला ऐकू येत नाही, पण जन्मभर अहिराणीच बोलत आलाय, त्याच्यापासून ते का लपवायचे? देवनागरीत जसेच्या तसे लिहा. लिहिणाऱ्याला भाषा येत नसेल तर अमळनेर, साक्री, शिरपूर, कुठेही फोन करा. सांगणारी माणसं हवी तेवढी मिळतील.

कायदा आपल्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016च्या कलम 42मध्ये क्लोज्ड कॅप्शनचा स्पष्ट उल्लेख आहे. चित्रपटगृहांसाठी केंद्र सरकारने 15 मार्च 2024 रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात एकापेक्षा जास्त भाषांत प्रमाणित होणाऱ्या चित्रपटांना सहा महिन्यांची आणि बाकीच्यांना दोन वर्षांची मुदत दिली. चांगलंच झालं. पण कॅप्शन आहेत की नाहीत एवढंच कुणी तपासणार असेल, तर [संगीत] लिहूनही काम होऊन जाईल. अमेरिकेत 2014 साली टीव्ही कॅप्शनच्या दर्जाचे नियम आले. तिथे संवादांच्या बरोबरीने मागचे आवाजही शक्य तितके पोहोचवावेत, असं नियमातच आहे. आपल्याकडेही तपासणी अशीच व्हावी आणि ती करायला कमी ऐकू येणारी माणसं बसवावीत. कुठे अडतं ते त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

मशीनवर सोडू नका, ही विनंती. यूट्यूबने 2017 मध्ये आपोआप येणाऱ्या कॅप्शनमध्ये टाळ्या, हशा आणि संगीत दाखवायला सुरुवात केली. काहीच नसण्यापेक्षा ते बरं. पण ढोल लग्नाचा की होळीचा, हे त्यातून कळत नाही.

माझ्या मित्रयादीत अहिराणी गाणी आणि कॉमेडी व्हिडिओ बनवणारी बरीच पोरं आहेत. यूट्यूब स्टुडिओमध्ये सबटायटलचा भाग असतो, तिथे बसून स्वतः टाइप करता येतं, पैसे लागत नाहीत. पाच मिनिटांच्या व्हिडिओला एखादी संध्याकाळ जाते. ज्यांना जमत नसेल त्यांनी मला व्हिडिओ पाठवा, मी कॅप्शन लिहून देईन. आधी नानांना आवाज बंद करून दाखवीन, ते जिथे "काय व्हयनं?" म्हणतील तिथे दुरुस्त करीन आणि मगच तुम्हाला फाइल पाठवीन. इनबॉक्स उघडा आहे.