माळ उन्हात ‘चार्ज’ होत नाही: प्रकाशात हलणाऱ्या स्फटिकांची खरी हकीकत

‘स्फटिक जिवंत असतात, आता विज्ञानानेही मान्य केलं’ अशा अर्थाचा मजकूर वेगवेगळ्या रूपांत व्हॉट्सॲपवर फिरत असतो. सार असं: जपानी शास्त्रज्ञांना प्रकाश पडताच हलणारे स्फटिक सापडले, म्हणजे स्फटिक सूर्याची ऊर्जा ओढून घेतात, म्हणून स्फटिकाची माळ सकाळच्या उन्हात ‘चार्ज’ करून गळ्यात घाला. जोडीला पुरावा म्हणून क्वार्ट्झचं घड्याळ आणि ‘स्वतःला बरे करणारे’ स्फटिक. शेवटी भाकीत, की मोटारी आणि सोलर पॅनेल लवकरच भंगारात जाणार.

माळेवर ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्याशी माझा वाद नाही. जपाला माळ चार्ज असावी लागत नाही. वाद आहे तो खऱ्या संशोधनाचं नाव लावून खोटं खपवण्याशी. मी रसायनशास्त्र शिकवतो, हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, आणि त्याची अशी ओढाताण मला बघवत नाही. म्हणून एकेक दावा घेतो.

‘जपानी शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं की स्फटिक प्रकाशाला प्रतिसाद देतात.’

‘काही स्फटिक’ असं हवं होतं. सगळी गोम त्या ‘काही’त आहे. मासाहिरो इरिए आणि सहकाऱ्यांचा हा शोधनिबंध ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात २००७ साली आला. त्यांचे स्फटिक डायअरिलइथीन नावाच्या, प्रयोगशाळेत घडवलेल्या रेणूंचे होते आणि आकाराने १० ते १०० मायक्रोमीटर, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढे. अतिनील प्रकाश टाकला की एका स्फटिकाचा चौरस तिरका होऊन समभुज चौकोन व्हायचा, दुसरा ५ ते ७ टक्के आकसायचा. दृश्य प्रकाश टाकला की दोन्ही पूर्ववत. प्रतिसादाला लागणारा वेळ सुमारे २५ मायक्रोसेकंद.

हे घडतं कसं? अतिनील प्रकाश शोषला की त्या रेणूतले दोन कार्बन अणू एकमेकांशी नवा बंध जोडतात आणि उघडं कडं बंद होतं. दृश्य प्रकाशात तेच कडं पुन्हा उघडतं. एका रेणूच्या आकारात पडणारा फरक अगदी किरकोळ. पण स्फटिकात असंख्य रेणू एकाच शिस्तीत रचलेले असतात, त्यामुळे प्रत्येकाचा किरकोळ फरक त्याच दिशेने साचत जातो आणि अख्खा स्फटिक हलतो. तोच रेणू द्रावणात विरघळवला तर रंग बदलेल, हालचाल काही दिसणार नाही. म्हणजे दोन अटी आहेत: रेणू योग्य हवा आणि त्याची रचनाही योग्य हवी.

दुसरी अट किती कडक असते, ते इस्राएलच्या वाइझमान संस्थेत गेऱ्हार्ट श्मिट यांनी १९६४ मध्ये मांडलं. त्यांचा पदार्थ साधाच होता, सिनॅमिक आम्ल. दालचिनीच्या तेलाचा मुख्य घटक हवेत हळूहळू याच आम्लात बदलतो. या आम्लाचे तीन तऱ्हांचे स्फटिक होतात. रेणू तिन्हींत तोच. प्रकाशात ठेवल्यावर पहिल्या तऱ्हेत शेजारचे दोन रेणू जोडले जाऊन एक पदार्थ तयार होतो, दुसरीत वेगळाच पदार्थ, आणि तिसरीत काहीच होत नाही. कारण अंतराचं आहे. शेजारच्या रेणूंचे दुहेरी बंध साधारण ४.२ अँगस्ट्रॉमच्या आत, म्हणजे मिलिमीटरच्या चोवीस लाखाव्या भागाच्या आत असले तरच ते जुळतात. तिसऱ्या तऱ्हेत ते त्याहून लांब पडतात. एकाच पदार्थाचे सगळे स्फटिकसुद्धा जिथे प्रकाशाला दाद देत नाहीत, तिथे ‘स्फटिक’ म्हटल्याबरोबर खडीसाखरेपासून हिऱ्यापर्यंत सगळ्यांना हा गुण चिकटवायचा कसा?

आणि जपानच्या आधीही हे दिसलेलं होतं. किरमाणी ओवा आपल्याकडे जंतांवर देत. त्याच्या जातकुळीतल्या वनस्पतींमधून सँटोनिन मिळतं. ट्रॉम्सडॉर्फ या जर्मन औषधशास्त्रज्ञाने १८३४ मध्ये नोंदवून ठेवलं की उन्हात ठेवल्यावर सँटोनिनचे स्फटिक पिवळे पडतात आणि फुटतात. आत रेणूंचं नेमकं काय होतं, ते क्ष-किरणांनी टप्प्याटप्प्याने पाहून २००७ मध्ये उलगडलं. एका पदार्थाचा खुलासा व्हायला पावणेदोनशे वर्षं लागली, आणि फॉरवर्ड सगळ्यांचा निकाल एका ओळीत लावून मोकळा होतो.

‘माळ उन्हात ठेवली की ऊर्जा साठते.’

प्रकाश-रसायनाचा पहिलाच नियम असा आहे की जो प्रकाश पदार्थ शोषतो तोच त्याच्यात बदल घडवू शकतो. आरपार गेलेला प्रकाश काही करत नाही. आता माळेतला मणी डोळ्यांसमोर धरा. पलीकडचं दिसतं ना? मग दृश्य प्रकाश आरपार चाललाय. माळेतला स्फटिक म्हणजे क्वार्ट्झ, सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं सलग जाळं. त्यात वळायला, कडं मिटायला सुटे रेणूच नाहीत. त्यातला इलेक्ट्रॉन उचलायला साधारण ९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणू-रेणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं एकक) लागतात, आणि दृश्य प्रकाशाच्या एका कणाकडे जेमतेम ३ असतात.

प्रयोगशाळेत याचा रोज उपयोग होतो. अतिनील प्रकाश टाकून एखादा पदार्थ तपासायचा असेल तर तो आम्ही क्युव्हेटमध्ये ओततो. क्युव्हेट म्हणजे बोटभर उंचीची चौकोनी कुपी. ती साध्या काचेची चालत नाही, कारण काच बराचसा अतिनील प्रकाश गिळते. ती लागते क्वार्ट्झची, वितळवून घडवलेल्या सिलिकाची. क्वार्ट्झ प्रकाशाच्या वाटेत येत नाही, म्हणून तर आम्ही तो निवडतो! प्रकाशाकडे इतकं दुर्लक्ष करणारा पदार्थ शोधूनही सापडायचा नाही, आणि नेमका तोच ‘चार्ज’ करायला उन्हात मांडतात.

अपवाद सांगायला हवा. ॲमेथिस्ट हाही क्वार्ट्झच. त्याचा जांभळा रंग लोहाच्या अंशामुळे आणि जमिनीतल्या नैसर्गिक किरणोत्सारामुळे येतो. तो दीर्घकाळ कडक उन्हात राहिला तर फिकट पडू शकतो. इथे प्रकाशाचा परिणाम होतो, पण पदरात पडतो तो तोटा. मुलीला दिलेले ॲमेथिस्टचे कानातले ‘चार्ज’ करायला गच्चीवर ठेवू नका.

‘पण मणी हाताला गरम लागतात!’ लागतात, कारण उन्हात दगडही तापतो. हिशेब करू. ५० ग्रॅमची माळ ३० अंशांवरून ५० अंशांवर गेली तर तिच्यात सुमारे ७४० जूल उष्णता येते. चमचाभर साखरेत साधारण ८४,००० जूल असतात. आणि सावलीत आणल्यावर ते ७४० जूलही थोड्याच वेळात हवेत जातात.

प्रकाशाची ऊर्जा रेणूत साठवता येते, हे खरं आहे. अझोबेंझीनचा रेणू प्रकाशाने वाकवला की त्या वाकलेल्या रूपात मोलमागे, म्हणजे या पदार्थाच्या साधारण १८२ ग्रॅममागे, सुमारे ५० किलोजूल जास्त ऊर्जा राहते आणि सरळ होताना ती उष्णता म्हणून बाहेर पडते. या वाटेने सूर्याची उष्णता साठवण्याचं काम मन लावून चालू आहे. पण तिथेही हाती येते ती उष्णताच, अंगात शिरून आजार बरा करणारी वेगळी शक्ती नाही.

‘क्वार्ट्झच्या घड्याळात हीच शक्ती असते.’

नाही. क्वार्ट्झवर दाब दिला की वीजभार निर्माण होतो, हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं. उलट विजेने तो कंप पावतो. घड्याळातला तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो तो बॅटरीच्या जोरावर. सेल संपला की घड्याळ बंद, मग ते दिवसभर उन्हात ठेवा.

‘स्फटिक स्वतःला बरे करतात, मग आपल्याला का नाही?’

हा दावा मला सगळ्यात जास्त लागतो, कारण यामागचं काम आपल्या देशातलं आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या सी. मल्ला रेड्डी यांच्या गटाने आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ‘सायन्स’मध्ये असे सेंद्रिय स्फटिक दाखवले, जे मोडल्यावर मिलिसेकंदांत आपसूक जुळतात. मोडलेल्या दोन पृष्ठांवर विरुद्ध वीजभार येतात, ते एकमेकांना ओढतात आणि रेणू पुन्हा जागच्या जागी बसतात. जुळते ती त्या स्फटिकाची स्वतःची भेग. त्यावरून गुडघेदुखी बरी होण्यापर्यंत उडी मारायला त्या कामात कुठेच आधार नाही.

‘मोटारी, सोलर पॅनेल भंगारात जाणार.’

या क्षेत्रावर माझा जीव आहे, तरी हे मी म्हणणार नाही. पहिली अडचण अशी की प्रकाशात हलणाऱ्या स्फटिकांतले रेणू प्रकाश इतक्या जोरात शोषतात की तो स्फटिकात खोलवर पोचतच नाही. वरचा पातळ थर आकसतो, खालचा तसाच राहतो आणि स्फटिक वळतो, वाळत घातलेला ओला पापड कडांनी उचलला जातो तसा. स्फटिक जाड असेल तर वळण्याऐवजी त्याचे तुकडे होतात. कॅलिफोर्नियातल्या ख्रिस्टोफर बार्डीन यांच्या गटाला २००६ मध्ये नेमकं हेच आढळलं: अँथ्रासीनच्या एका संयुगाचे मोठे स्फटिक प्रकाशात फुटतात, पण त्याच पदार्थाच्या अतिसूक्ष्म काड्या १५ टक्क्यांपर्यंत लांबूनही शाबूत राहतात. म्हणजे आकार वाढवत नेला की गुण हातचा जातो.

काही स्फटिक तर साठलेला ताण एकदम सोडून उडी मारतात. अबू धाबीतले पांचे नाउमोव्ह यांनी कोबाल्टच्या एका क्षाराच्या अशा उड्या मोजून-मापून अभ्यासल्या. दिसायला हे विलक्षण आहे, पण उडी कुठल्या दिशेला जाईल त्याचा नेम नसतो आणि बऱ्याचदा स्फटिकच तुटतो. म्हणून आता असे स्फटिक लवचीक पॉलिमरच्या पातळ पडद्यात बसवून पाहतात, म्हणजे ताण वाटला जाईल आणि हालचाल एका दिशेला वळवता येईल. नजर आहे ती अगदी लहान कामांवर: तार न जोडता लांबून प्रकाश टाकून हलवता येणारे सूक्ष्म चिमटे, झडपा आणि स्विच.