रूमवर सांगायला काहीतरी हवं

जूनमध्ये एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. विनोदी कथा हवी, अडीच हजार शब्द, "आणि जरा आजच्या पोरांचं डेटिंग-बिटिंग येऊ द्या हो त्यात. तरुण वाचक मिळत नाहीत." माझं वय 37, लग्नाला नऊ वर्षं झालेली. डेट म्हटलं की मला आधी हप्त्याची आठवते. तरी हो म्हणालो आणि अभ्यासदौरा म्हणून वाकडला भाच्याच्या फ्लॅटवर जाऊन बसलो. तो आणि त्याचा रूममेट, दोघंही आयटीत. गेल्या गेल्या रूममेटने सांगितलं, "मामा, हात धुवायला गार पाणीच आहे. गीझर बंद पडलाय. काल अख्खा रविवार आम्ही दोघं त्या गीझरवाल्याची वाट बघत घरात बसून होतो, आला नाही तो नाहीच."

मग भाच्याने मला ॲप दाखवलं. फोटोत त्याच्या मांडीवर कुत्रं होतं. कुत्रं कुणाचं विचारलं तर म्हणाला, शेजारच्यांचं. समोरच्या मुलीने काही लिहिलं की आधी त्याचा स्क्रीनशॉट मित्रांच्या ग्रुपवर जातो. तिथे पाच इंजिनीअर मिळून उत्तर ठरवतात, एकजण नको ती स्मायली काढून टाकतो, मग ते तिला पाठवायचं. "म्हणजे आधी रिव्ह्यू, मग प्रॉडक्शन," असं रूममेटने समजावलं. मला हसू आलं, पण कथा काही सुचेना. परत येताना बसमध्ये डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: स्क्रीनशॉट आला तिथे थाप संपली. आणि थाप संपली तर या प्रकारची विनोदी गोष्ट उभी कशावर करायची?

कारण माझं ठाम मत आहे की पोरांच्या प्रेमाची विनोदी गोष्ट ही मुळात प्रेमाची नसतेच. ती रूमची असते. बाहेर काय झालं याला फार महत्त्व नाही, रात्री रूमवर येऊन काय सांगितलं त्याला आहे.

सई परांजपे यांचा 1981 चा 'चश्मे बद्दूर' आठवा. दिल्लीत एका खोलीत राहणारे तिघं. त्यातले ओमी आणि जोमो आलटून पालटून एकाच मुलीवर लाईन मारायला जातात आणि दोघांचाही पार पोपट होतो. पण रिकाम्या हाताने रूमवर येतील ते मित्र कसले! दोघंही खोलीवर येऊन गाण्याबिण्यासकट रंगवून सांगतात. मुलगी मिळाली नाही याचं दुःख त्यांना पाच मिनिटं सुद्धा नसतं. सांगायला काही नाही, ही खरी नामुष्की. आणि सगळी कथा उलटते ती याच थापांपायी. तिसरा, साधा सिद्धार्थ, खरोखरच त्या नेहाच्या प्रेमात पडतो, तिलाही तो आवडतो, तेव्हा हे दोघं आपलं बिंग फुटू नये म्हणून आणि थोडं जळूनही त्याचे कान भरतात. खलनायक वगैरे बाहेरून आणावा लागत नाही. तो शेजारच्या कॉटवरच झोपलेला असतो.

त्यातलं पोरींच्या मागे गाडी घेऊन फिरणं आज बघताना मला त्रास होतो, हे कबूल करतो. पण सई परांजपेंनी हसू ठेवलंय ते त्या दोघांच्या अंगावर. नेहाला स्वतःचं काम आहे, ती दारोदार साबणाची पावडर विकते, गाण्याच्या क्लासला जाते. नंतरच्या किती लेखकांनी मुलीला एवढं तरी काम दिलं? बहुतेकांकडे ती जिन्यावरून उतरते आणि केस मागे टाकते. एवढ्यावर तिचा पगार चालू.

आपल्याकडे तर गोष्ट आणखी खालच्या मजल्यावरून सुरू होते. प्रेम नंतर, आधी खोली मिळू दे. 1988 चा 'अशी ही बनवाबनवी' पाठ नसलेला माणूस मला अजून भेटायचा आहे, पण त्यातली अडचण काय होती? घरमालकीणबाईंना भाडेकरू म्हणून जोडपीच हवी होती. सडाफटिंग लोकांना पुण्यात जागा मिळत नाही, या एका खऱ्या गोष्टीवर तो अख्खा डोलारा उभा आहे. (ती अडचण अजून शिल्लक आहे. कुठल्याही सोसायटीच्या गेटवर 'बॅचलर' हा शब्द उच्चारून बघा.) नायकांच्या प्रेयसी पटकन किती जणांना आठवतात? धनंजय माने आणि त्यांची 'पार्वती' मात्र सगळ्यांना आठवते. महाराष्ट्राने इतक्या मायेने जपलेलं दुसरं जोडपं दाखवा.

आता माझी रूम. सदाशिव पेठ, कॉट बेसिस, 2011. चौघं जण, स्पर्धा परीक्षा. अशा रूमवर कुणाला नाव नसतं, जिल्हा असतो. सांगली, लातूर, परभणी आणि मी सोलापूर. परभणीला अभ्यासिकेतली एक मुलगी आवडली. नोट्सच्या निमित्ताने नंबर मिळाला. पण परभणीला लिहायचं वावडं, म्हणून मेसेज सांगली लिहायचा. तेव्हा मेसेजला 160 अक्षरं, तेही रोमन लिपीत. देवनागरीत लिहिलं तर 70 मध्येच संपायचं, म्हणून मराठी प्रेम इंग्रजी अक्षरांत करावं लागे. सांगली एका मेसेजात चंद्र, अभ्यास आणि मेसची भाजी अशा तिन्ही गोष्टी बसवायचा. ती कला होती.

मग 27 सप्टेंबरला ट्रायचा, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाचा, नियम आला: एका सिमवरून दिवसाला 100 मेसेज. नियम फुकट्या जाहिरातवाल्यांसाठी होता, मेला परभणी. संध्याकाळी सातपर्यंत त्याचा कोटा संपायचा, मग लातूरचा फोन, तो संपला की माझा. नोव्हेंबरात मर्यादा 200 झाली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. एके रात्री माझ्या फोनवर तिचा मेसेज आला, मी मोठ्याने वाचून दाखवला: "तुमच्या रूमवर माझ्याशी एकूण किती जण बोलतात?"

कसं कळलं, तर म्हणे परभणी 'काय' लिहिताना एकच 'ए' घालायचा आणि सांगली दोन. पहिल्या आठवड्यातच तिच्या लक्षात आलं होतं. तिला दोन 'ए'वाला आवडत होता असंही तिने पुढे लिहिलं होतं. ते मी मोठ्याने वाचलं नाही. (ती पुढे परीक्षा पास झाली. आमच्यापैकी कुणीही नाही.)

पण मला सांगायचंय ते त्याआधीचं. परभणी तिला पहिल्यांदा भेटायला गेला तो दिवस. लातूरचा शर्ट, माझा परफ्यूम, सांगलीचे दोनशे रुपये. रात्री साडेनवाला परत आला आणि दोन तास बोलत होता. ती काय म्हणाली, तो काय म्हणाला, कोल्ड कॉफी कोणी आधी संपवली. थांबला की सांगली विचारायचा, "मग पुढे?" की हा पुन्हा सुरू. मेसचे डबे तसेच गार पडले. त्याला तसं बोलताना आम्ही आधी पाहिलं नव्हतं.

ती आलीच नव्हती. हे मला सांगलीने चार वर्षांनी परभणीच्या लग्नात सांगितलं, जेवणाच्या पंगतीत, जिलबी वाढून घेता घेता. त्या संध्याकाळी सांगली झेड ब्रिजवरून चालत येत होता. दोन्हीकडे गाड्या लावून जोडपी बसलेली आणि मधे परभणी एकटाच कठड्याला टेकून नदीकडे बघत उभा. सांगली मागच्या मागे वळला आणि लांबून, लकडी पुलावरून रूमवर आला. आणि मग दोन तास "मग पुढे?" विचारत राहिला.

आता सांगा, स्क्रीनशॉट असता तर यातलं काय उरलं असतं? म्हणून मी संपादकांना कळवलं की आजच्या पोरांवर विनोदी कथा होणार नाही, त्यांच्याकडे सगळ्याचे पुरावे असतात. ते म्हणाले, अजून एकदा जाऊन या.

गेलो. त्याच आठवड्यात, शुक्रवारी. चहा झाल्यावर भाच्याला सहज विचारलं, काय मग, कुणाला भेटलास का? भाचा खुलला. म्हणाला, "हो ना मामा, रविवारीच भेटलो. कोरेगाव पार्कला. चार तास गप्पा!" कोणता कॅफे, तिने काय मागवलं, बिल कसं तिने हट्टाने अर्धं दिलं, पावसात रिक्षा मिळेना म्हणून दोघं कसे चालत निघाले. तो सांगत होता आणि माझ्या डोळ्यांसमोर तो गीझर येत होता. मी रूममेटकडे पाहिलं. त्याची मान मोबाईलात होती.

भाचा क्षणभर अडखळला. रिक्षानंतरचं बहुतेक अजून ठरलेलं नव्हतं.

रूममेटने मान वर न करता विचारलं, "मग पुढे?"